डिझाइनच्या क्लाससाठी प्रेझेंटेशन रेकॉर्ड करायचंय? आधी बोलणं लिहा, मग स्लाइडला हात लावा

डिझाइनच्या कोर्सला असलात की ही असाइनमेंट कधी ना कधी येतेच, एखादा डिझायनर किंवा एखादं काम निवडा, त्यावर सात-आठ मिनिटांचं प्रेझेंटेशन करा आणि रेकॉर्ड करून व्हिडिओ सबमिट करा. बहुतेक जण काय करतात, लगेच पॉवरपॉइंट नाहीतर कॅनव्हा उघडून टेम्प्लेट शोधायला बसतात, सगळा वेळ रंग आणि फॉन्ट बदलण्यात जातो, आणि मग डेडलाइनच्या आदल्या रात्री स्लाइड समोर ठेवून सुचेल ते बोलत रेकॉर्ड करतात. ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटातच कळतं की हा स्लाइड वाचून दाखवतोय. माझं म्हणणं एकच आहे, क्रम उलटा करा. आधी काय बोलायचं ते पूर्ण लिहा, मोठ्याने वाचा, आणि त्या बोलण्याला डोळ्यांसमोर काय लागेल तेवढ्याच स्लाइड बनवा.

वर्गात उभं राहून बोलताना समोरचे चेहरे दिसतात, कुणी गोंधळलं की आपण आपोआप परत समजावून सांगतो, मध्येच कुणी प्रश्न विचारतं आणि त्यातून विषय पुढे सरकतो. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच नसतं. बघणारा एकटा बसलेला असतो, कदाचित मोबाइलवर बघत असतो, आणि सर-मॅडम असतील तर त्यांनी एका बैठकीत अख्ख्या वर्गाचे व्हिडिओ बघायला घेतलेले असतात. त्यामुळे जे वर्गात हातवारे करून निभावून नेता येतं ते इथे शब्दात आणि चित्रात आधीच बसवून ठेवावं लागतं. एक फायदाही आहे, बघणारा व्हिडिओ थांबवू शकतो, म्हणून एखादं बारकाव्यांचं चित्र पूर्ण स्क्रीनभर बिनधास्त दाखवा.

विषय ठरला म्हणजे मुद्दा ठरला असं नाही

"लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा" हा विषय झाला. यावर जन्मतारखेपासून सुरू होणारं प्रेझेंटेशन कुणीही करू शकतं. मुद्दा म्हणजे असं वाक्य ज्याला समोरचा "कशावरून?" असं विचारू शकेल.

हेच उदाहरण पुढे घेऊ. हॅरी बेक हा लंडन अंडरग्राउंडच्या सिग्नल विभागात काम केलेला ड्राफ्ट्समन, म्हणजे तांत्रिक आराखडे काढणारा, त्याने 1931 मध्ये नकाशा काढला ज्यात रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा 45 अंशात होत्या आणि स्टेशनांमधली खरी अंतरं सोडून दिली होती. सुरुवातीला तो नाकारला गेला, मग 1933 मध्ये छापून लोकांच्या हातात गेला आणि लोकांनी तो उचलून धरला. जवळपास त्याच तत्त्वावर मासिमो विन्येली या डिझायनरने 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या सबवेचा नकाशा केला, दिसायला आजही अप्रतिम आहे, पण तक्रारी झाल्या आणि 1979 मध्ये तो बदलला. म्हणजे कल्पना तीच, एका शहराने स्वीकारली आणि दुसऱ्याने नाकारली. का? विन्येलीच्या नकाशात पाणी बेज रंगाचं होतं आणि सेंट्रल पार्क, जो प्रत्यक्षात लांबुळका आहे, तो जवळपास चौकोनी आणि राखाडी दाखवला होता. मॅनहॅटनमध्ये बहुतेक रस्त्यांना क्रमाने नंबर आहेत, माणसाला वरचं शहर डोक्यात पक्कं माहीत असतं, मग नकाशातली गडबड लगेच खटकते. आणि लंडनला 2009 मध्ये नकाशातून थेम्स नदी काढून टाकली होती, लोक इतके चिडले की काही महिन्यांत ती परत आणावी लागली.

आता मुद्दा तयार झाला: नकाशातून भूगोल काढून टाकता येतो, पण ज्या खुणेवरून माणूस स्वतःची जागा ओळखतो ती खूण बिघडवून चालत नाही. बघा, हे एक वाक्य हातात आलं की काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते आपोआप ठरतं. बेकचं बालपण गेलं. विन्येलीची बाकीची सगळी कामं गेली, कितीही आवडती असली तरी. नदी आणि पार्क मात्र राहिले, कारण मुद्दा त्यांच्यावरच उभा आहे.

स्वतःच्या प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन असेल तरी हेच. "मी आधी रिसर्च केला मग स्केचेस केले मग प्रोटोटाइप केला" ही हजेरी झाली. कुठल्या ठिकाणी निर्णय बदलला आणि कशामुळे बदलला, ते सांगा. तीच गोष्ट ऐकावीशी वाटते.

स्क्रिप्ट

पूर्ण लिहा. पॉइंट्स नाही, वाक्यं. आणि बोलतो तशी लिहा, कारण लिहायला बसलं की आपल्या सगळ्यांच्याच हातून सरकारी परिपत्रक बाहेर पडतं. असं:

"सदर नकाशामध्ये भौगोलिक अचूकतेपेक्षा सुस्पष्टतेला प्राधान्य देण्यात आलेले आहे."

हे कुणी कुणाला तोंडाने सांगेल का? तेच असं करा:

"या नकाशात स्टेशनांमधलं खरं अंतर दाखवलेलंच नाही. मधली दाटीवाटीची स्टेशनं सुटी केलीत आणि टोकाची जवळ ओढलीत, कारण जमिनीखाली बसलेल्या माणसाला अंतर नको असतं, त्याला गाडी कुठे बदलायची तेवढंच हवं असतं."

शब्द वाढले, पण ऐकताना लगेच डोक्यात जातं. आणि हे बोलत असताना स्क्रीनवर काय हवं तेही समजलं, मधली स्टेशनं आणि टोकाची स्टेशनं, बास.

लिहून झालं की मोबाइलवर टायमर लावून मोठ्याने वाचा. मनात वाचून वेळ मोजू नका, मनात आपण फार भराभर वाचतो. आठ मिनिटांची मर्यादा असेल तर वाचन सातच्या आत बसायला हवं, कारण रेकॉर्ड करताना चित्र बघू द्यायला मध्ये मध्ये थांबावं लागतं आणि तो वेळ धरलेला नसतो. जास्त झालं तर बोलायचा स्पीड वाढवू नका, एक अख्खा परिच्छेद काढा. वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बदला, जीभ बदलत नाही.

मग त्याच कागदावर जिथे जिथे समोरचं चित्र बदलायला हवं तिथे तिरकी रेघ मारत जा. त्या रेघांच्या मध्ये जे तुकडे पडले त्या तुमच्या स्लाइड. किती स्लाइड असाव्यात हा प्रश्न मग उरतच नाही. काही स्लाइड चार सेकंद राहतील, काही पाऊण मिनिट, चालतंय. रेकॉर्डिंगमध्ये स्लाइड जास्त झाल्याने काही बिघडत नाही, एकच स्लाइड दोन मिनिटं पडून राहिली तर मात्र माणूस दुसऱ्या टॅबवर जातो.

आता स्लाइड

साइज 16:9 ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये वाइडस्क्रीन हा डिफॉल्ट असतो, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर फ्रेम 1920 बाय 1080 घ्या. आधी एक साधी ग्रिड, म्हणजे मजकूर आणि चित्रं कुठे बसणार त्याच्या आधाररेषा, आखून घ्या, चारही बाजूंना सारखं मार्जिन, आणि दोन निर्णय लगेच घेऊन टाका: खालच्या पट्टीत महत्त्वाचं काही ठेवायचं नाही कारण तिथे सबटायटल येतात आणि प्लेयरची बटणं येतात, आणि तुमचा चेहरा कोपऱ्यात दिसणार असेल तर तो कोपरा प्रत्येक स्लाइडवर रिकामा. हे शेवटी आठवलं तर सगळ्या स्लाइड परत हलवत बसावं लागतं.

डिझाइनच्या क्लासमध्ये स्लाइड हेसुद्धा तुमचं डिझाइनच धरलं जातं हे विसरू नका. दहा प्रकारचे इफेक्ट नकोत, उलट अक्षरांचे दोन साइज, एक फॉन्ट फॅमिली, अक्षरांची दोन वजनं (साधं आणि जाड) आणि एक ठळक रंग एवढ्यात सगळं बसवता येतं आणि ते जास्त नेटकं दिसतं. वाइडस्क्रीन स्लाइडवर मुख्य मजकूर 24 पॉइंटच्या खाली आणू नका. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लॅपटॉपवर छान दिसतात पण व्हिडिओ कॉम्प्रेस झाला की गायब होतात. वेबसाठी जो नियम वापरतात तोच इथे धरा, साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, कमीत कमी 4.5 ला 1 आणि मोठ्या अक्षरांना 3 ला 1, ऑनलाइन कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये दोन रंगांचे कोड टाकले की आकडा मिळतो. आणि फक्त लाल-हिरव्या रंगाने फरक दाखवू नका, वर्गात कुणाला तो फरक दिसतच नसेल, सोबत लेबल किंवा वेगळा आकार द्या.

मराठीत स्लाइड करणार असाल तर थोडं सावध. फॉन्ट फक्त रोमन अक्षरांचा निवडला तर सॉफ्टवेअर देवनागरीसाठी गुपचूप दुसराच फॉन्ट टाकतं आणि सगळं विजोड दिसतं, म्हणून देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला फॉन्ट घ्या, मुक्ता आणि पॉपिन्स दोन्ही फुकट आहेत. ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळाच, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

चित्रांबद्दल जरा थांबून सांगतो कारण खरं काम इथेच आहे. सेंट्रल पार्कचा तुकडा घ्या. बरेच जण एका स्लाइडवर विन्येलीचा अख्खा नकाशा डाव्या बाजूला छोटा करून टाकतील आणि उजवीकडे पाच बुलेट पॉइंट. त्यात पार्क नखाएवढा दिसतो आणि तुम्ही बोलत असता त्याच्याबद्दलच. त्याऐवजी तीन स्लाइड करा. पहिलीवर पूर्ण नकाशा, स्क्रीनभर, एक अक्षरही नाही, आणि बोलताना तीन-चार सेकंद शांत राहा, बघू द्या. दुसरीवर त्याच नकाशाचा फक्त पार्कचा भाग क्रॉप करून मोठा. तिसरीवर डावीकडे तो क्रॉप आणि उजवीकडे खऱ्या नकाशातला पार्क, दोन्हींची रुंदी सारखी ठेवून, खाली दोनच लेबलं, "1972 चा नकाशा" आणि "प्रत्यक्षात". या तिसऱ्या स्लाइडला तुम्ही काही बोलला नाहीत तरी मुद्दा पोचतो, एक चौकोनी आणि एक लांबच लांब.

यासाठी मूळ चित्र मोठं हवं. सर्चमध्ये दिसलेला छोटा थंबनेल सेव्ह करून ताणू नका, म्युझियमच्या किंवा आर्काइव्हच्या साइटवर शोधा, तिथे मोठ्या फाइल मिळतात. छपाईच्या शाईसाठीच्या सीएमवायके रंगांतली फाइल असेल तर आधी स्क्रीनसाठीच्या एसआरजीबीत बदला, नाहीतर रंग भलतेच दिसतात आणि रंगाबद्दल बोलणाऱ्या माणसाचे रंगच चुकीचे असले की सगळंच गेलं. पॉवरपॉइंट सेव्ह करताना चित्रं आपणहून बारीक करतं, ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली चित्रं कॉम्प्रेस करू नका असा चेकबॉक्स आहे, तो सुरुवातीलाच टिक करा. आणि प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात डिझायनरचं नाव, साल आणि चित्र कुठून घेतलं ते लिहा, त्याच स्लाइडवर, शेवटी एकदम यादी देऊन कोण बघतंय.

स्वतःच्या स्केचबुकचे फोटो असतील तर दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर धरून काढा आणि मग फोटो एडिटरच्या लेव्हल्समध्ये (उजेड-अंधार बदलायची सोय) कागद पांढरा होईपर्यंत ओढा. पिवळट, तिरके, बोटांची सावली पडलेले फोटो चांगल्या स्केचलाही मारून टाकतात.

सगळं झालं की स्लाइड मोबाइलवर पाठवून हात लांब करून बघा. जे वाचता येत नाही ते मोठं करा किंवा काढा.

रेकॉर्डिंग

एका दमात अख्खं रेकॉर्ड करायचा हट्ट करू नका. पॉवरपॉइंटच्या आतलं रेकॉर्डिंग मला यासाठीच आवडतं, आवाज प्रत्येक स्लाइडला वेगळा चिकटतो, त्यामुळे सातव्या स्लाइडवर चुकलात तर फक्त सातवी परत करायची. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाच्या ट्रान्झिशनमध्ये ते आवाज रेकॉर्ड करत नाही, त्या वेळी बोलत राहिलात तर शब्द अर्धे कापले जातात. वाक्य संपवा, क्लिक करा, एक श्वास घ्या, मग पुढचं वाक्य. ट्रान्झिशन ठेवलेच नाहीत तर अजून बरं. मॅकवाल्यांना कीनोटमध्ये रेकॉर्ड स्लाइडशो आहे. फिग्मा किंवा ब्राउझरमधलं काही चालवून दाखवायचं असेल तर स्क्रीन रेकॉर्डर लागेल, ओबीएस फुकट आहे आणि भरवशाचं आहे, त्याची फाइल एमकेव्ही या वेगळ्या प्रकारात आली तर घाबरू नका, फाइल मेनूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज आहे, तिथून एमपीफोर होते. मॅकवर शिफ्ट, कमांड आणि 5 दाबलं की आतलाच रेकॉर्डर उघडतो. झूममध्ये एकट्याची मीटिंग लावून स्क्रीन शेअर करूनही होतं, पटकन काम होतं पण आवाजाचा दर्जा बेताचाच.

आवाज. माणसं थोडं धूसर चित्र चालवून घेतात, घुमणारा आवाज नाही. त्यासाठी महागडा माइक लागत नाही, वायरवाला साधा इअरफोन पुरतो. ब्लूटूथ इअरफोन मात्र टाळा, त्याचा माइक चालू झाला की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज फोनवर बोलल्यासारखा दबका होतो. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, अगदी समोर धरला तर प, फ, भ म्हणताना फुत्कार येतात. खोली अशी निवडा जिथे पडदे, गादी, कपड्यांचं कपाट आहे, रिकाम्या खोलीत भिंती आवाज परत फेकतात. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, लॅपटॉपवर नोटिफिकेशन बंद आणि चार्जर लावलेला.

अर्धा मिनिट टेस्ट रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. ओबीएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये मीटर दिसतो, बोलताना तो पिवळ्यात खेळला पाहिजे, लालमध्ये गेला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. हळू आलेला वाढवता तरी येतो. सुरुवातीला पाच-सहा सेकंद काही न बोलता तसेच रेकॉर्ड होऊ द्या, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा नॉइज काढायचा असेल तर तो नमुना लागतो.

स्क्रिप्ट समोर असू द्या, त्यात लाज कसली, पण प्रत्येक तुकडा आधी एकदा वाचून मग शक्यतो मान वर करून बोला. जमलं तर उभं राहून बोला, श्वास मोकळा होतो आणि आवाजात जान येते. चेहरा दिसणार असेल तर स्क्रिप्टची खिडकी कॅमेऱ्याच्या अगदी खाली ओढून घ्या म्हणजे डोळे बाजूला पळत नाहीत. अडखळलात तर "सॉरी" म्हणू नका, दोन सेकंद गप्प राहा आणि अख्खं वाक्य पहिल्यापासून म्हणा, कापताना ती शांतता लगेच सापडते. माउस हलवत राहायची सवय आवरा, कुठे बघायचं ते दाखवायला क्रॉप केलेली स्लाइड किंवा एक साधं वर्तुळ पुरतं.

आणि पहिली स्लाइड सगळ्यात शेवटी रेकॉर्ड करा. सुरुवातीला आवाज ताठ असतो, शेवटपर्यंत येता येता मोकळा झालेला असतो, आणि ऐकणारा ठरवतो ते पहिल्याच वाक्यावर.

एडिटिंगमध्ये फार रमू नका. विंडोजवर क्लिपचॅम्प, मॅकवर आयमूव्ही, चुका आणि लांबलेल्या शांतता कापा, झालं. मागे म्युझिक टाकू नका, मोबाइलच्या स्पीकरवर ते बोलण्यात मिसळतं आणि दोन्ही ऐकू येईनासं होतं.

सबमिट करताना

एक्स्पोर्ट फुल एचडी 1080 मध्ये, एमपीफोर. 4के ची गरज नाही, फाइल उगाच फुगते. एक्स्पोर्ट झालेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघा, उड्या मारत नाही, कारण कधी कधी एखाद्या स्लाइडचा आवाजच आलेला नसतो आणि तो नेमका मधे कुठेतरी असतो. कॅप्शन टाकायचे असतील तर यूट्यूबचे आपोआप आले असतील तर ते घ्या पण नावं हाताने दुरुस्त करा, बेक आणि विन्येली यांचं तिथे काहीही होऊ शकतं.

यूट्यूबवर टाकलं तर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारं) ठेवा, प्रायव्हेट ठेवलं तर लिंक असूनही सर-मॅडमना उघडणार नाही. अपलोड झाल्या झाल्या व्हिडिओ धूसर दिसतो, एचडी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून डेडलाइनच्या काही तास आधी अपलोड करा. ड्राइव्हवर असेल तर शेअरिंगमध्ये लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल असं करा. मग ती लिंक इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा, जिथे तुम्ही लॉग इन नाही आहात. उघडली आणि आवाज आला की पाठवा, आणि स्लाइडची मूळ फाइल व सुटं रेकॉर्डिंग मार्क्स लागेपर्यंत डिलीट करू नका, कारण क्रिटनंतर, म्हणजे वर्गात कामावर चर्चा झाल्यावर, एखादी स्लाइड बदलून परत द्या असं सांगितलं जाऊ शकतं आणि तेव्हा तेवढीच एक स्लाइड परत बोलावी लागेल.